महाबळेश्वरच्या थंडीत प्लास्टिकची बॅटरी चालेल?

साताऱ्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. प्लास्टिकमध्ये लिथियमचं मीठ मिसळून नवीच बॅटरी निघाली आहे, त्या प्लास्टिकमधून तांब्याच्या तारेसारखी वीज वाहते, ऊन असो की थंडी, ती पाच मिनिटांत चार्ज होते, पेट तर कधीच घेत नाही; तेव्हा आत्ता इलेक्ट्रिक स्कूटर घेऊ नका, थांबा. रोज सातारा-कराड करणारी माणसं यावर विसंबून निर्णय पुढे ढकलणार असतील, तर गप्प बसणं मला पटत नाही.

तांब्याचा दाखला मुळातच चुकीचा आहे. तांब्यात इलेक्ट्रॉन वाहतात. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये बसणाऱ्या या पॉलिमरमधून, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या प्लास्टिकमधून, इलेक्ट्रॉन जाताच कामा नयेत, नाहीतर सेल आतल्या आत शॉर्ट होईल. इथे सरकतात ते आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू किंवा अणूंचे गट. पॉलिएथिलीन ऑक्साइड हे या कामासाठी सर्वांत जास्त अभ्यासलेलं पॉलिमर. त्याच्या साखळीतले ऑक्सिजनचे अणू लिथियम आयनला धरून ठेवतात. साखळी वळवळली की आयन मागचे ऑक्सिजन सोडून पुढच्यांकडे जातो. पण साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या खाली या पॉलिमरचा बराच भाग स्फटिकरूप असतो आणि तिथे ही वळवळ जवळजवळ थांबते.

म्हणून ‘ऊन असो की थंडी’ हा दावा सर्वांत पोकळ. नेहमीच्या बॅटरीत आयन वाहून नेणारं द्रव असतं, त्याला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. या द्रव इलेक्ट्रोलाइटची वाहकता खोलीच्या तापमानाला सेंटीमीटरमागे साधारण ०.०१ सीमेन्स (वाहकतेचं एकक) असते. साध्या पॉलिएथिलीन ऑक्साइडमध्ये लिथियमचा क्षार (मेसेजमधलं मीठ) घातला तर ती ०.०००००१ च्या आसपास, अनेकदा त्याहून कमी. २० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा घ्या. एक चौरस सेंटीमीटरला त्याचा रोध २,००० ओहम येतो. एक मिलिअँपिअर प्रवाह सोडला की २ व्होल्ट त्या पापुद्र्यातच खर्ची पडतात. सेल जेमतेम साडेतीन व्होल्टचा! तोच पापुद्रा ८० अंशांना नेला की वाहकता ०.००१ पर्यंत चढते आणि नुकसान २ मिलिव्होल्टवर येतं. सांगलीत मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो, तरी ६५ अंश लांबच. वेण्णा लेकला दवबिंदू गोठतात, त्या पहाटे काय होईल ते वेगळं सांगायला नको.

‘मग मीठ वाढवा’ असं काहींनी सुचवलंय. प्रश्न रास्त आहे. सुरुवातीला वाहकता वाढतेही, पण पुढे आयन एकमेकांना चिकटून जोड्या आणि पुंजके करतात, साखळ्या ताठरतात आणि वाहकता उलट घटते.

पाच मिनिटांच्या चार्जिंगला आणखी एक अडसर आहे. नेहमीच्या क्षारांत एकूण प्रवाहातला जेमतेम पाचवा ते तिसरा हिस्सा लिथियम वाहतो, बाकीचा ऋण आयन. प्रवाह वाढवला की एका बाजूला क्षार साचतो, दुसरीकडे तुटवडा पडतो.

शोध नवा आहे, हेही खरं नाही. अशा पॉलिमर-क्षार संयुगांवरचं पीटर राइट आणि सहकाऱ्यांचं काम १९७३ चं. ती बॅटरीत वापरावीत हे मिशेल आर्माँ यांनी १९७८ मध्ये मांडलं. पॅरिसमध्ये २०११ पासून भाड्याच्या मोटारींत अशा बॅटऱ्या धावल्याही. त्या ६० ते ८० अंशांवर गरम ठेवाव्या लागत. गाडी उभी असली तरी त्यासाठी वीज लागायची. हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

आणि आगीचं? द्रव सांडत नाही, लवकर पेटणारं बाष्प होत नाही, हा फायदा खरा आहे. पण पॉलिएथिलीन ऑक्साइड जळतं, आणि या बॅटऱ्यांत सोबत लिथियम धातू असतो. एप्रिल २०२२ मध्ये पॅरिसमध्ये याच प्रकारच्या बॅटरीच्या दोन बसगाड्या पेटल्या आणि १४९ बस तात्पुरत्या थांबवाव्या लागल्या. ‘कधीच नाही’ असं लिहिणाऱ्यानं लोकांच्या जिवाशी खेळू नये.

संशोधन थांबलेलं नाही. सिरॅमिकचे सूक्ष्म कण मिसळून, साखळ्यांची रचना बदलून खोलीच्या तापमानाची वाहकता दहापट, शंभरपट वाढवल्याची उदाहरणं आहेत, आणि त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आपल्या शोरूममधल्या स्कूटरांत आज साधारणपणे द्रव इलेक्ट्रोलाइटचेच सेल असतात. घ्यायची की नाही, ते रोजचे किलोमीटर, घरातली चार्जिंगची सोय आणि बॅटरीची वॉरंटी बघून ठरवा. कोणी ‘सॉलिड’ बॅटरी म्हणून काही विकायला आलाच, तर २५ अंशांना वाहकता किती, हे त्याच्याकडून लेखी घ्या.