त्यांच्यानंतर कोण, हे विचारण्याची सोय नसते

आज सकाळी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर पुन्हा तोच मजकूर फिरत आला: देशाला पंचवीस वर्षे एक कडक हुकूमशहा हवा, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राज्यात गोव्यातली माणसे दारे उघडी टाकून झोपत असत, वगैरे. खाली अंगठ्यांची रांग लागली. ज्या घरातल्या वडीलधाऱ्यांना लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून मंजूर करून आणावी लागत असे, त्याच घरातली पुढची पिढी हे अंगठे दाखवते, याचा मला मनस्वी संताप आला. हुकूमशाही वाईट का, हे इथे वाचणाऱ्या तुम्हा मंडळींना समजावण्याची गरज नाही. गटावरच्या मंडळींना मात्र एवढेच विचारावेसे वाटते की तो कडक माणूस म्हातारा होऊन अंथरुणाला खिळला, तर पुढे काय करायचे ठरवले आहे?

खुद्द सालाझारचे काय झाले ते पाहा. १९३२ पासून पोर्तुगालचा पंतप्रधान असलेला हा माणूस ऑगस्ट १९६८ मध्ये एस्तोरिलच्या किल्ल्यात खुर्चीवरून पडला. सप्टेंबरात मेंदूची शस्त्रक्रिया झाली, पाठोपाठ मेंदूत रक्तस्राव झाला, आणि तो यातून वाचत नाही असे सगळ्यांनीच गृहीत धरले. छत्तीस वर्षांत वारस नेमलेला नव्हता. पंतप्रधानाला पदावरून दूर करण्याचा अधिकार कागदोपत्री राष्ट्राध्यक्षाचा होता, आणि त्या जागी सालाझारने ॲडमिरल तोमास यांना बसवले होते, ज्यांची फिती कापणारे म्हणून लोक टिंगल करीत. अशा गृहस्थांवर २७ सप्टेंबरला मार्सेलो कायतानो या कायद्याच्या प्राध्यापकाला पंतप्रधान नेमण्याची वेळ आली. पण सालाझार मेला नाही. इस्पितळातून परतल्यावर जुलै १९७० मध्ये मरेपर्यंत तो सरकारी निवासस्थानातच राहिला आणि आपले पद गेले आहे हे त्याला कोणीही सांगितले नाही. मंत्री भेटायला येत, तो सूचना देई, ते माना डोलावीत. १९६९ मध्ये एका फ्रेंच पत्रकाराला त्याने कायतानो हुशार आहे, पण सरकारात नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले, तेव्हा कायतानोला पंतप्रधान होऊन वर्ष होत आले होते.

हे प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले, कारण हा प्रकार मी आमच्याच घरात पाहिला होता. मी शाळेत असताना आजोबांना अर्धांगवायू झाला. फोंड्याचे दुकान त्यांच्या शब्दावर चालत असे. त्यानंतरही थोरले काका रोज संध्याकाळी रोजमेळ घेऊन त्यांच्या खाटेशी बसत. आजोबा केव्हाच बंद झालेल्या पेढीवरून माल मागवायला सांगत, काका "होय बाबा" म्हणत, आणि आम्हा मुलांना आजीने दटावून ठेवले होते की दुकानाबद्दल त्यांच्यासमोर चकार शब्द काढायचा नाही.

आता विचार करा, अशा आजारी म्हाताऱ्याला खरे सांगायला पोर्तुगालचे मंत्री का कचरले? दया होतीच, पण खरे बोलणाऱ्याचे काय होते, हे त्यांनी उभी हयात पाहिले होते. एप्रिल १९६१ मध्ये संरक्षणमंत्री बोतेल्यो मोनिझ याने सालाझारला हटवण्याची खटपट केली, तर त्याचेच पद गेले. त्याच डिसेंबरात गोव्यात शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम असताना गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा याने हजारोंचे प्राण वाचवून शरणागती पत्करली, आणि त्याला सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. असे दोन-चार जण गेले की मागे माना डोलावणारेच उरतात, आणि वारस त्यांच्यातूनच निवडावा लागतो. आमच्या काकांचेही तेच झाले. आजोबा गेल्यावर तिन्ही भाऊ पहिल्यांदाच एकमेकांशी मोकळेपणाने बोलायला बसले, ते थेट भांडायलाच, कारण मतभेद बोलून मिटवायची सवय कोणालाच नव्हती. दुकान पुढे बंद पडले.

कायतानो अगदीच होयबा नव्हता, हे मान्य करतो. पोलीस विद्यापीठात शिरले म्हणून १९६२ मध्ये त्याने लिस्बन विद्यापीठाचे प्रमुखपद सोडले होते. पण पंतप्रधान झाल्यावर त्याने केले काय? 'पीडे' या गुप्त पोलिसांचे नाव बदलले, दूरदर्शनवर घरगुती गप्पा मारल्या, आणि अंगोला, मोझांबिक, गिनी या आफ्रिकेतल्या वसाहतींमधली युद्धे तशीच चालू ठेवली, कारण त्याला खुर्ची मिळाली होती ती साम्राज्याला हात लावणार नाही या अटीवर. सालाझारचा धाक मात्र त्याला वारशात मिळाला नव्हता. २५ एप्रिल १९७४ रोजी त्या युद्धांना विटलेल्या तरुण कप्तानांनीच राजवट उलथवली, आणि लिस्बनमधल्या कार्मोच्या बराकीत अडकलेल्या कायतानोने, सत्ता रस्त्यावर पडू नये म्हणून, जनरल स्पिनोलाच्या हाती ती सोपवली.

गटावरचा एखादा शहाणा म्हणेल की सालाझार खरा फॅसिस्ट नव्हताच. इतिहासकारांत तो वाद आहे, असू दे. गोव्यातल्या आग्वादच्या तुरुंगात खितपत पडलेल्यांना त्या वादाचा काय उपयोग होता? दुसरा म्हणेल की स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याने तरी सगळी तजवीज केली होती. केली होती, आणि कशी! १९४७ च्या कायद्याने स्पेनला राजा नसलेले राज्य ठरवून राजा निवडण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला, १९६९ मध्ये राजघराण्यातल्या हुआन कार्लोसची, त्याच्या बापाला डावलून, निवड केली, त्याच्याकडून राजवटीच्या तत्त्वांशी निष्ठेची शपथ घेतली, आणि सगळे गच्च बांधून ठेवले आहे असे देशाला सांगितले. त्या भावी राजावर नजर ठेवायला कार्रेरो ब्लांको हा विश्वासू माणूस १९७३ मध्ये पंतप्रधान केला, तर त्याच डिसेंबरात बास्क बंडखोरांनी माद्रिदमध्ये स्फोट घडवून त्याला मोटारीसकट उडवले. २० नोव्हेंबर १९७५ रोजी फ्रँको गेला, आणि दोन वर्षांच्या आत त्याच्याच निवडलेल्या राजाने व त्याच्याच राजकीय चळवळीत वाढलेल्या पंतप्रधान सुआरेझने निवडणुका घेतल्या. सत्तांतर बरेचसे शांततेत झाले हे खरे, पण ते वारसाने शपथ मोडली म्हणून.

लिहिता लिहिता माझा राग थोडा निवला आहे, कारण खाटेवरचे आजोबा आठवतात. काकांना त्यांच्याविषयी माया होती आणि त्या खोटेपणाने फार तर एक दुकान बुडाले. त्यांना दोष द्यायला आजही जीभ वळत नाही. पण अख्ख्या देशाचे मंत्रिमंडळ असे नाटक वठवू लागले, तर किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, हे लिस्बनमधल्या प्रत्येक अधिकाऱ्याला ठाऊक होते. तरीही तेरा वर्षे ते कागदावर मान्य करण्याची छाती ना सालाझारला झाली, ना त्याच्या वारसाला. भारताचे सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या करारावर पोर्तुगालची सही झाली ती ३१ डिसेंबर १९७४ रोजी, कायतानोला ब्राझीलला परागंदा व्हावे लागल्यानंतर.