क्रेटॉसची कुऱ्हाड आणि अश्वत्थाम्याचं अस्त्र

देवादिकांवर व्हिडिओ गेम असावेत की नसावेत, यावरून आमच्या सांगलीच्या घरात हल्ली चांगलंच वाजतं. धाकट्या काकांचं म्हणणं, सकाळी ज्याला हात जोडायचे त्यालाच संध्याकाळी बटणावर नाचवायचं, हे बरं नव्हे. मावसभाऊ दुसऱ्या टोकाला: परदेशी लोक ग्रीक आणि नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या, देवांवर गेम काढून जगभर खपवतात, आणि आपण महाभारत उशाशी घेऊन झोपलोय. आत्याला दोन्ही पटत नाही, तिच्या मते गेम म्हणजे पोरं बिघडायची वाट. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तेव्हा ती म्हणाली, बघा, सरकारलाही पटलं. त्या कायद्याने बंदी घातली ती पैसे लावून खेळायच्या गेमवर. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायच्या गेमना, उलट मान्यताच दिली. पण जुगार आणि रचून सांगितलेली गोष्ट घरोघरी एकाच माळेत ओवली जाते, आणि बोलणं तिथेच खुंटतं.

मी स्वीडनमध्ये उप्सालाला राहतो आणि लहानपणापासून गेम खेळतो. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेमपासून सुरुवात झाली, पुढे विश्रामबागेतल्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळलो, आता नोकरी आणि संसार सांभाळून रात्री खेळतो. इतक्या वर्षांत ज्याने मला सर्वांत जास्त आनंद दिला तो गेम म्हणजे २०१८ चा ‘गॉड ऑफ वॉर’.

२००५ साली आलेल्या पहिल्या भागातला नायक क्रेटॉस नुसता संताप होता. पुढच्या भागांत त्याने ग्रीक देव एकेक करून संपवले, स्वतःच्या बापाला, झ्यूसला, सुद्धा सोडलं नाही. २०१८ च्या भागात तोच माणूस नॉर्स देवांच्या मुलखात येऊन राहिलाय, दाढी पिकत चाललीय, बायको वारलीय. तिची राख सगळ्यांत उंच शिखरावरून उधळायची, एवढंच काम, आणि सोबत धड ओळख नसलेला लहान मुलगा. कॅमेरा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही कापलेला नाही. बापाच्या खांद्यामागून आपण चालत राहतो. कुऱ्हाड फेकायची, बटण दाबायचं, की ती वाटेतल्याला छाटत परत तळहातावर येऊन आदळते आणि तो धक्का कंट्रोलरमधून आपल्या हाताला लागतो. त्या एका हालचालीचा मला आजही कंटाळा आलेला नाही. पण खरी गोडी होडीत आहे. लढाई संपते, बापलेक तळ्यावर निघतात, कमरेला लटकलेलं, मिमिर नावाच्या शहाण्याचं छाटलेलं पण बोलणारं मुंडकं ओडिन आणि थॉर या नॉर्स देवांच्या कथा सांगू लागतं आणि पोरगं प्रश्न विचारत सुटतं. किनारा आला तरी गोष्ट पुरी व्हावी म्हणून मी होडी तशीच फिरवत राहायचो.

माझ्या घरापासून जवळच गामला उप्साला आहे. सहाव्या शतकाच्या सुमाराचे राजांच्या समाधीचे मोठे उंचवटे, शेजारी चर्च. ब्रेमेनच्या आदाम या जर्मन इतिहासकाराने अकराव्या शतकात लिहून ठेवलंय की इथल्या देवळात थॉर, ओडिन आणि फ्रेय यांच्या मूर्ती होत्या, थॉर मधोमध. २०२२ च्या ‘रॅग्नारॉक’ या पुढच्या भागात हाच थॉर दारूत बुडालेला, पोट सुटलेला मारेकरी आहे आणि ओडिन गोड बोलून गळा कापणारा म्हातारा. माझे स्वीडिश सहकारी हे आवडीने खेळले, कोणी दुखावलं नाही.

मावसभाऊ नेमका हाच दाखला काकांना देतो, आणि इथे मी काकांच्या बाजूने आहे. ओडिन आज कोणाच्या देवघरात नाही म्हटलं तरी चालेल. त्याची थट्टा खपते याला कारण लोकांचं मोठं मन नाही, ती श्रद्धाच हजार वर्षांपूर्वी विझत गेली. आमच्या गणपतीपुढे आज संध्याकाळीही आरती होणार आहे. ही दोन मापं एक नव्हेत. परदेशात राहून आपल्या माणसांना ‘इथे बघा कसं चालतं’ असं सांगणं फार सोपं असतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तुलना करायचीच तर चीनशी करावी. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेला ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ चिन्यांनी स्वतः केला, पहिल्या तीन दिवसांत एक कोटी प्रती गेल्या. सुन वुकाँग या वानरवीराची आजही काही देवळांत पूजा होते. तरीही गेम झाला, आणि त्यात शान्शी प्रांतातली जुनी मंदिरं इतक्या मायेने उतरवली की खेळणारे ती पाहायला प्रत्यक्ष गेले. मुख्य म्हणजे सुरुवातीची एक झुंज सोडली तर खेळणारा स्वतः वुकाँग नसतो. तो असतो त्याच्या वाटेने निघालेला दुसरा एक वानर.

काकांचा आक्षेप नवा नाही. २००९ साली बाल हनुमानावर प्लेस्टेशन २ चा भारतीय गेम आला तेव्हा अमेरिकेतल्या एका हिंदू नेत्याने हेच म्हटलं होतं, की देवाचा ताबा खेळणाऱ्याच्या हाती देऊ नये. मी या प्रश्नाला हसत नाही. पण सांगलीकराने तो विचारताना १८४३ आठवावं. श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभं केलं ते आपल्याच गावात. त्या नाटकांत आधी गणपती रंगमंचावर यायचा, मग सरस्वती, मग देव आणि ‘अलल्डुर्र’ ओरडणारे राक्षस तलवारी घेऊन भिडायचे. याच भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या, दोऱ्यांनी हलणाऱ्या. गणपतीचं संस्थान असलेल्या गावात देवाच्या पात्राने नाचलेलं चाललं, आणि बाहुलीला दोरी बांधलेलीही चालली. करणाऱ्याच्या मनात भाव होता, हे लोकांना दिसत होतं. दोरी आणि बटण यांत मला फरक दिसत नाही, भाव असण्या-नसण्यात दिसतो.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढला तेव्हा म्हणून मला भरून आलं. सर्कशीतली साधी मुलगी राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघते. गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू. गेम छोटा आहे, मारामारीत ‘गॉड ऑफ वॉर’ची सफाई नाही, पण काकांसमोर निःशंक ठेवावा असा आहे.

आत्यालाही एक सांगायचंय. ‘गॉड ऑफ वॉर’च्या खोक्यावर युरोपात मोठ्या अक्षरात १८ छापलेलं असतं. इथले माझ्या ओळखीतले आईबाप तो आकडा वाचतात. आपल्याकडे दहा वर्षांच्या पोराला तोच गेम वाढदिवसाला मिळतो आणि मग पोर चिडकं झालं म्हणून गेमला शिव्या बसतात.

आता मावसभावाच्या महाभारताविषयी. मोठं युद्ध, मोठे रथ दाखवून ते होणार नाही. मला सौप्तिक पर्वातला अश्वत्थामा हवाय. रात्री झोपलेल्यांना मारून तो पळतो, कोंडीत सापडल्यावर अस्त्र सोडतो, समोरून अर्जुनही सोडतो. व्यास आणि नारद मध्ये उभे राहून दोघांना ते मागे घ्यायला सांगतात. अर्जुन घेतो. अश्वत्थाम्याला घेता येत नाही, कारण ते अस्त्र मागे घ्यायला व्रतस्थ मन लागतं. मग ते अभिमन्यूच्या पत्नीच्या, उत्तरेच्या, गर्भाकडे वळतं. क्रेटॉसची कुऱ्हाड दर वेळी बिनबोभाट परत येते. आपल्या गेममध्ये अस्त्र मागे बोलवायचं बटण पहिल्यापासून हाताशी असावं, पण ते चालावं की नाही, हे खेळणाऱ्याने आधीच्या लढायांत शरण आलेल्यांना सोडलं की कापलं, यावर ठरावं. आणि हे त्याला कोणी आधी सांगू नये.