एडिसनची बॅटरी कुणी दाबली नाही, ती सेल्फला पुरी पडली नाही

ती पोस्ट परत फिरतेय, माझ्याकडे तीन ग्रुपवर आली. एडिसनने १९०१ लाच कधी न मरणारी बॅटरी काढली होती, पण फोर्ड आणि तेलवाल्यांनी ती दाबली आणि एका रात्रीत सगळ्या गाड्यांवर शिशाची बॅटरी लादली, असं त्यात आहे. वीस वर्षं बॅटरीच्याच कामात आहे, गप्प बसवत नाही.

पहिलं, दाबली म्हणे. अहो ती १९०३ ला बाजारात आली, सेल गळायला लागले, कपॅसिटी उतरायला लागली, म्हणून एडिसननेच काम थांबवलं आणि काही वर्षं राबून १९१० च्या आसपास सुधारलेली आणली. ती डेट्रॉइट इलेक्ट्रिक गाड्यांत बसली, रेल्वेच्या डब्यांत, खाणकामगारांच्या दिव्यांत चालली, आणि हा धंदा एक्साइड या बॅटरी कंपनीने विकत घेतला तो थेट १९७२ ला. इतकी वर्षं विकली गेलेली वस्तू दाबली कशी म्हणायची?

फोर्डचं नाव तर उगाचच. तो एडिसनचा जिवलग दोस्त, १९१४ ला दोघं मिळून इलेक्ट्रिक गाडी काढायच्या मागे होते, जमलं नाही. आणि त्याच्या मॉडेल टी गाडीला ठिणगी मिळायची फ्लायव्हीलमधल्या मॅग्नेटोतून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून स्वतःच वीज तयार करणाऱ्या भागातून, तिला सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी विजेची मोटर, आला १९१९ ला.

खरी गोष्ट सेल्फचीच आहे. आधी पेट्रोल गाडीला बॅटरी लागायची ती ठिणगीपुरती, कोरडे सेल पुरायचे. १९१२ च्या कॅडिलॅकला चार्ल्स केटरिंगचा सेल्फ लागला आणि सगळं फिरलं, कारण थंड इंजिन फिरवायला काही सेकंद का होईना शे-दोनशे अँपिअर एकदम ओढावे लागतात. शिशाच्या बॅटरीचा आतला रेझिस्टन्स कमी, ती देते. एडिसनची, म्हणजे निकेल-लोखंडाची, लोड पडला की व्होल्टेज टाकते, थंडीत तर जास्तच. शिवाय तिचा सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे ६ व्होल्टला ५ सेल, शिशाचे ३ पुरतात. माझ्याकडे एका जुन्या गाडीची ६ व्होल्टची बॅटरी आहे, वर काळं डांबर ओतलेलं, तीन बुचं, सेल जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या अंगठ्याएवढ्या जाड. पट्टीवर हात ठेवला की करंट किती जायचा ते कळतं.

आणि एका रात्रीत काही ठरलं नाही. कॅडिलॅक सेल्फ मारताना २४ व्होल्ट वापरायची, चार्जिंग आणि लाईट ६ वर. डॉजने १९१४ ला सरळ १२ घेतले. अमेरिकेत बहुतेक जण हळूहळू ६ वर आले, सेल कमी म्हणजे खर्च कमी, आणि कमी व्होल्टच्या बल्बची तार जाड असते, खड्ड्यात लवकर तुटत नाही. १९५० च्या दशकात मोठी व्ही-८ इंजिनं आली तसे १२ वर गेले, करंट निम्मा, वायर बारीक.

एडिसनची टिकाऊ होती हे खरंय. शिशाची डिस्चार्ज होऊन महिनोन्महिने पडली तर प्लेटा सल्फेट धरतात आणि ती खराब होते, एडिसनच्या बॅटरीला तशी पडून राहिली तरी फारसा फरक पडत नाही. खाणीत, रेल्वेत ती टिकली ती त्याच्यामुळेच, तिथे तिला सेल्फ मारायचा नव्हता.