दीड वर्षाच्या भुताची पूर्वतयारी

न्यू जर्सीच्या एखाद्या उपनगरात राहणाऱ्या आणि पदरी नुकतेच चालू लागलेले मूल असलेल्या मराठी दांपत्याने हॅलोविनची, म्हणजे मुलांनी भुताखेतांचे वेष घालून दारोदार खाऊ मागण्याच्या सणाची, तयारी ऑगस्टअखेरीसच सुरू करावी, कारण दुकानांत वेष तेव्हापासून लटकू लागतात आणि उशीर करणाऱ्याच्या वाट्याला नको त्या मापाचे डायनासोर उरतात. मूल दीड वर्षाचे असल्यास उत्तम. या वयात त्याला ३१ ऑक्टोबर म्हणजे काय, भूत म्हणजे काय आणि आपल्या डोक्यावर शिंगे कशासाठी बांधली जात आहेत, यांपैकी काहीच कळत नसल्यामुळे सणाच्या नियोजनात त्याच्या मताचा अडथळा येत नाही.

वेष निवडताना अर्थातच आपल्या आवडीला प्राधान्य द्यावे. मुलाला मांजर आवडते म्हणून त्याला मांजर करणे हे कल्पनाशून्यतेचे लक्षण आहे. आई फूल, बाबा मधुपालक आणि मूल मधमाशी, अशी एखादी कौटुंबिक योजना असल्याशिवाय छायाचित्राला वजन येत नाही. वेष एकसंध असावा, त्याची चेन पाठीमागे असावी आणि डायपरपर्यंत पोहोचण्यासाठी आधी पंख, मग डंख आणि शेवटी संपूर्ण मधमाशी उतरवावी लागावी. संध्याकाळी गारठा असल्यामुळे हे सारे वैभव अखेर जाड जाकिटाखाली जाणार आणि शेजाऱ्यांना जाकीट घातलेले एक चिडलेले मूल तेवढे दिसणार, हे गृहीत धरून छायाचित्रे दुपारीच उरकावीत. ती वेळ त्याच्या झोपेची असते, पण उजेडही तेव्हाच चांगला असतो.

भोपळा कोरण्याचा कार्यक्रम शैक्षणिक असल्याने तो टाळू नये. आयर्लंडमध्ये पूर्वी सलगम कोरत असत आणि तेथून आलेल्या लोकांना अमेरिकेत त्याहून मोठा व कोरायला सोपा भोपळा सापडला, हा इतिहास मूल भोपळ्याचा कच्चा गर तोंडात कोंबत असतानाच त्याला सांगावा. भारतातून व्हिडिओ कॉलवर पाहणारी आजी ‘अगं, एवढ्यात घारगे झाले असते’ असे हळहळेल. कोरायचा हा भोपळा पाणचट असतो, हे तिला सांगण्यात अर्थ नाही. शिवाय महिन्याच्या सुरुवातीलाच कोरून ठेवल्यास सणाच्या आत त्याला बुरशी येते, आणि बुरशीतून वाचले ते खारी खातात.

आता भीतीकडे वळू. ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल’ असे म्हणणाऱ्या आजोबांना आपण बालमानसशास्त्राचा दाखला देऊन गप्प केले असेलच. त्यानंतर त्याच मुलाला कडेवर घेऊन शेजारच्या हिरवळीवरील बारा फुटी सांगाड्यासमोर उभे करावे. होम डेपो या घरसामानाच्या दुकानसाखळीने २०२० साली २९९ डॉलरला बाजारात आणलेल्या या सांगाड्याचे डोळे आपोआप हलतात. मुलाने टाहो फोडल्यास ‘बघ, किती छान’ असे म्हणावे आणि चित्रीकरण थांबवू नये.

दारोदार फिरून जमवलेल्या खाऊबाबत मात्र शास्त्राचे ऐकावे. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की दोन वर्षांखालील मुलांना वरून घातलेली साखर देऊ नये आणि चार वर्षांखालील मुलांना कडक गोळ्या व शेंगदाण्यांपासून दूर ठेवावे, कारण ते घशात अडकतात. म्हणजे खाऊच्या बादलीतील जवळजवळ काहीच त्याच्या उपयोगाचे नाही आणि ते सर्व रात्री नऊनंतर सोफ्यावर बसून संपवणे हे जबाबदार पालकांचे कर्तव्य ठरते. मुलाने मागायचे आणि मोठ्यांनी खायचे, या व्यवस्थेला इतरत्र वेगळे नाव आहे, येथे तिला संस्कृती म्हणतात. ज्या दाराशी हिरवट निळा भोपळा दिसेल, तेथे ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी खाऊऐवजी स्टिकर वगैरे मिळतात. मुलाला खरोखर आवडेल असे ते एकमेव घर असल्यामुळे तेथे वेळ दवडू नये.

काही वर्षी दिवाळीही याच सुमारास येते. २०२४ साली नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती, तेव्हा पहाटे उटणे लावून राक्षसवधाची गोष्ट ऐकलेल्या मुलांना संध्याकाळी राक्षसाचे मुखवटे चढवणे अनेक घरांनी एकाच दिवसात साधले.

उन्हाळ्यासाठी तासभर पुढे केलेली अमेरिकेतील घड्याळे २००७ पासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारऐवजी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात. हॅलोविनच्या संध्याकाळी त्यामुळे उजेड अधिक वेळ टिकतो. त्यानंतर आठवडाभरात तो रविवार येतो आणि गोड न खाताही थकलेले मूल पहाटे पाचला उठणारे असेल तर चारला उठते. तो वेळ वाया घालवू नये. दुकाने उरलेले वेष निम्म्या किमतीत काढत असतात, तेव्हा त्याला मांडीवर घेऊन पुढील मापाचा वेष तत्काळ मागवावा, कारण पुढल्या वर्षीपर्यंत ते बोलायला लागलेले असेल आणि ‘नको’ हा शब्द त्याला सर्वांत आधी येईल.