पांढऱ्या सीझनवाल्यांनी जायचं कधी? नाशिकच्या सभासदांना उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली तेव्हा हातातला चहा गार झाला. संध्याकाळी पुन्हा वाचली. सूर सोडला तर दोन मुद्द्यांत तुमचं बरोबर आहे, म्हणून खाली दोन ओळी टाकून मोकळी न होता इथे सविस्तर लिहिते.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. टाइमशेअर म्हणजे एकदा मोठी रक्कम भरून क्लबाच्या रिसॉर्टांत दरवर्षी काही रात्री राहायचा हक्क; तो वर्षातल्या कुठल्या आठवड्यांत वापरता येईल हे सीझनच्या रंगावर ठरतं. टाइमशेअर रिसॉर्टची डागडुजी बिगरहंगामात निघते, तेव्हा जून ते सप्टेंबर घाटावरची आणि कोकण-गोव्याची बुकिंगं टाळा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘बाई, तुम्ही लाल सीझनच्या सभासद दिसता. आमच्याकडे पांढरा आहे. दिवाळी आणि मे आमच्या वाट्याला येतच नाही, येतो तो पाऊस. तोही टाळा म्हणता, मग जायचं कधी? वर्गणी आम्हीही तुमच्याइतकीच भरतो. कंपनीने काम काढायचं आणि सभासदाने कॅलेंडर बदलायचं, हा कुठला न्याय? ग्राहक मंचात खेचा असं लिहायचं सोडून तुम्ही कंपनीचंच काम सोपं करताय. अमेरिकेत हे चाललं असतं का? आणि आम्ही गेल्या जुलैत लोणावळ्याजवळ राहून आलो, काहीही काम नव्हतं. होतं ते फेब्रुवारीत. म्हणजे माहितीही चूक.’

शेवटचं आधी घेते, कारण तिथे मी खरंच चुकले.

माझा मावसभाऊ हॉटेलांची इंटिरिअरची कामं घेतो. लेखातली माहिती त्याच्याकडूनच ऐकलेली, पण मी अर्धीच ऐकली होती. तुमची प्रतिक्रिया वाचून दाखवली तर हसायलाच लागला. म्हणाला, ‘ताई, पावसाळ्यात परांची कोण बांधतं?’ पावसाळ्यात निघतं ते आतलं काम. बाथरूमच्या लाद्या, कपाटं, पडदे, गाद्या, वायरिंग. तेही जपून, कारण दमट हवेत भिंतीची लांबी (पुट्टी) सुकता सुकत नाही आणि लाकडाच्या पॉलिशवर पांढरट झाक येते. बाहेरचा रंग, गिलावा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, छपराचे पत्रे ही सगळी कोरड्या हवेची कामं, आणि पहिल्या पावसाआधी ती हातावेगळी व्हावीच लागतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो; तिथे गळकी गच्ची घेऊन जूनमध्ये शिरायची कुणाची छाती नाही. एप्रिल-मेमध्ये तर पाय ठेवायला जागा नसते. मग उरतात फेब्रुवारी आणि मार्च. बारावीची परीक्षा, पाठोपाठ दहावी, मग शाळांच्या वार्षिक परीक्षा. मुलंबाळं असलेलं महाराष्ट्रातलं घर त्या दोन महिन्यांत सहसा हलत नाही, सोमवार ते गुरुवार रिसॉर्ट ओस पडलेला असतो, आणि नेमकी तेव्हा परांची चढते. तुम्हाला फेब्रुवारीत जे दिसलं ते हेच. मूळ लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

हे गणित प्रदेशागणिक फिरतं, आणि ते मी अजिबात लिहिलं नव्हतं. राजस्थानात उदयपूर, जैसलमेरला गर्दी थंडीची, म्हणून तोडफोड एप्रिल ते जूनमध्ये, अंगाची लाही होत असताना. हिमाचल-उत्तराखंडात मे-जून भरलेला, जुलै-ऑगस्टमध्ये दरडी, आणि कडाक्याच्या थंडीत रात्री पारा शून्याखाली गेला की सिमेंट नीट धरत नाही. तिथलं उघड्यावरचं बांधकाम पाऊस ओसरल्यावर ते हिमवर्षावाआधी एवढ्या फटीत उरकावं लागतं. गोव्यात मे संपता संपता किनाऱ्यावरचे शॅक उतरतात आणि मोठी हॉटेलंही खोल्या काढून कामाला लावतात. म्हणजे ‘बिगरहंगाम टाळा’ हा सल्ला कुठल्या ठिकाणाचा, कुठल्या कामाचा, हे सांगितल्याशिवाय फुकटच होता.

आता रंगाचा मुद्दा. हा मात्र मला बोचला.

ज्यांच्याकडे मेंबरशिप नाही त्यांना सांगायला हवं की आपल्याकडच्या अशा योजनांत वर्षाचे आठवडे रंगांत वाटलेले असतात. जांभळा सगळ्यात महाग, मग लाल, पांढरा, निळा. वरच्या रंगाच्या सभासदाला खालचा सीझन मिळतो, खालच्याला वरचा मिळत नाही. माझा लाल आहे, तुम्ही बरोबर ओळखलंत. २००९ मध्ये विकायला आलेल्या मुलाने ‘मॅडम, मुलांच्या सुट्ट्या बघा’ म्हणून गळ्यात मारला, तेव्हा जास्तीचे पैसे जड गेले होते. आता कळतं की त्या पैशात मी हातोड्यापासूनची सुटकाही विकत घेतली होती. तुमचा रंग स्वस्त, कारण त्या आठवड्यांना मागणी कमी. आणि मागणी कमी म्हणूनच रिसॉर्टवाले काम तेव्हाच काढतात. विकताना हे कुणी सांगत नाही. माझ्या क्लबात वार्षिक वर्गणी खोलीच्या आकारावर ठरते, रंगावर नाही. स्टुडिओवाला पांढरा आणि स्टुडिओवाला लाल, दोघांची वर्गणी सारखी, वर १८ टक्के जीएसटी. त्याच वर्गणीतून रंगरंगोटी होते. ती नवी कोरी खोली आधी लालवाला वापरतो, आणि धूळ खाल्लेली असते पांढऱ्याने. हा अन्याय आहे हे मी मान्य करते, आणि मागच्या लेखात तो मला दिसला नाही याचं कारण मी ज्या बाजूला बसले आहे ते आहे.

मग पूर्ण रिसॉर्ट बंदच का करत नाहीत, असंही अनेकांनी विचारलंय. समजा शंभर खोल्यांचा रिसॉर्ट तीन महिने बंद केला. त्या खोल्यांवर हक्क असलेले सभासद हवेत विरत नाहीत, ते उरलेल्या रिसॉर्टांच्या रांगेत येतात. आधीच वेटलिस्ट, त्यात ही भर. म्हणून एक ब्लॉक बंद, बाकीचे चालू, अशी टप्प्याटप्प्याने कामं काढतात. हॉटेल भाडं बुडवून दारं लावू शकतं. इथे लोकांनी २५ वर्षांचे पैसे आगाऊ भरलेले असतात. कंपनीची बाजू घेत नाहीये. पण हे कळलं की विचारायचा प्रश्न बदलतो. ‘काम चालू आहे का?’ असं विचारलं की ‘किरकोळ आहे’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. कुठला ब्लॉक, आणि मला मिळणारी खोली त्याच्यापासून किती लांब, हे विचारा.

ग्राहक मंचाचं म्हणाल तर त्याला आता आयोग म्हणतात, आणि मी त्याच्या विरोधात कधीच नव्हते. २०१९ च्या कायद्याने सोय पुष्कळ झाली आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं कार्यालय कुठेही असो. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन करून पाहता येतो. हे सगळं करा. पण आयोग जे देईल ते नंतर देईल, आणि पैशात देईल.

माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी दिवाळीत कोकणातल्या एका रिसॉर्टवर गेलो. लाल सीझन, पूर्ण भरलेला, काम असण्याचं कारणच नाही. तिथे पोचलो तर स्विमिंग पूल कोरडा आणि त्यात लाद्यांची खोकी रचलेली. ऑगस्टमध्ये संपायचं काम पावसाने लांबलं होतं. सकाळी नऊला टाइल कटर सुरू व्हायचा. तेही चाललं असतं, पण आमच्या मजल्यावरच्या दारांना पॉलिश चाललं होतं आणि आईला दमा. थिनरच्या वासाने दुसऱ्या रात्री ती खुर्चीत बसून राहिली, झोपलीच नाही. आम्ही तिसऱ्या दिवशी परत निघालो. फोटो काढले, मेल केले, चार महिने पाठपुरावा केला, आणि पाचच्या पाच रात्री खात्यात परत आल्या. सोबत एक जेवणाचं कूपन, ते मुदतीत वापरलं गेलं नाही. आई त्यानंतर आमच्याबरोबर एकाही रिसॉर्टला आलेली नाही.

म्हणून कॅलेंडर. आणि त्या दिवाळीने एक गोष्ट पक्की शिकवली: ‘या तारखेला काम संपेल’ असं सांगतील त्यापुढचा एक महिना मी कामाचाच धरते.

अमेरिकेबद्दल. तिथे कायदे खरंच कडक आहेत. फ्लोरिडात टाइमशेअर घेतल्यावर दहा दिवसांत रद्द करता येतं, आणि रिसॉर्टच्या वार्षिक अंदाजपत्रकात छप्पर, रंग, फर्निचर बदलणं यांसाठी राखीव निधी दाखवावा लागतो. युरोपात रद्द करायला १४ दिवस मिळतात. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदाच नाही. करारात लिहिलेलं असेल ते, आणि मग ग्राहक कायदा. पण तिकडचे सभासद निवांत बसलेले नसतात हो! माझी नणंद न्यू जर्सीला असते, तिच्याकडे डिस्ने व्हेकेशन क्लब या तिथल्या टाइमशेअरचे पॉइंट्स आहेत. स्वतःच्या रिसॉर्टचं बुकिंग ११ महिने आधी उघडतं, क्लबाच्या बाकीच्या रिसॉर्टांचं ७ महिने आधी. कुठल्या इमारतीच्या खोल्या कधी कामाला जाणार याची टिपणं ती ठेवते आणि त्यावर ११ महिने की ७, हे ठरवते. तिला कुणी कंपनीची एजंट म्हणत नाही. मला मात्र तुम्ही जवळपास तेच म्हणालात.

आता पांढऱ्या सीझनवाल्यांनी काय करायचं. इथे माझ्या अनुभवाची धाव मर्यादित आहे, पण धाकट्या जावेकडे तुमच्यासारखाच पांढरा आहे आणि तिच्यासाठी बुकिंगं मीच करते, त्यावरून सांगते.

रंगांचा तक्ता रिसॉर्टगणिक वेगळा असतो, हे बहुतेकजण विसरतात. तुमचा पांढरा म्हणजे फक्त पाऊस असं नाही. महाबळेश्वरला जो आठवडा तुम्हाला मिळणार नाही तो दुसऱ्या प्रदेशात मिळू शकतो. तो तक्ता आणि वर सांगितलेलं कामाचं गणित शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींत न अडकणारे आठवडे थोडे असतात, पण असतात. दुसरं, नुकतं काम संपलेला रिसॉर्ट शोधा. रंग, पडदे, गाद्या साधारण पाच-सात वर्षांनी बदलतात, बाथरूम आणि पाइप त्याहून बऱ्याच उशिरा. जिथे गेल्या वर्षीच सगळं झालंय तिथे पुढची काही वर्षं बिनघोर. ऑनलाइन नकाशावर लोकांनी टाकलेले रिसॉर्टचे फोटो, सगळ्यात नवे आधी लावून, बघा. लोक पलंगापेक्षा बाथरूमचे फोटो जास्त प्रामाणिकपणे टाकतात.

एक युक्ती माझ्या स्वतःच्या शोधाची, जरा कौतुक करा. मेलेल्या सीझनमध्ये, आठवड्याच्या मधल्या दिवशी, शंभरेक खोल्यांच्या रिसॉर्टवर महिनाभर एकही खोली उपलब्ध दिसत नसेल, तर गर्दी आहे असं समजू नका. खोल्या कामासाठी काढून घेतलेल्या असण्याची शक्यता जास्त. तेव्हा फोन करायचा, पण कॉल सेंटरला नको, थेट रिसॉर्टच्या रिसेप्शनला. दुपारी तीन-साडेतीनला, चेक-इनचा गोंधळ निवल्यावर. तिथला मुलगा रोज ती धूळ खात असतो, तो खरं बोलतो. तो जे सांगेल ते मग क्लबाला मेलवर विचारायचं: अमुक ब्लॉकमध्ये काम आहे असं कळतं, पूल आणि लिफ्ट चालू असतील का, कामाची वेळ काय. उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तरी तुम्ही विचारलं होतं याची नोंद राहते, आणि आयोगात जायची वेळ आली तर तीच कामाला येते. रात्री परत मिळण्याच्या मुदतीत बुकिंग रद्द करायची तारीख त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. प्रत्येक क्लबाची ती वेगळी असते.

तुम्ही सगळ्यात शेवटी, भांडून झाल्यावर, हळूच विचारलंय की सप्टेंबरअखेर महाबळेश्वर घेऊ का. घ्या. आतलं काम असलंच तर तोवर संपत आलेलं असतं, बाहेरचं सुरू झालेलं नसतं, आणि कासच्या पठारावर फुलं असतात. शनिवार-रविवार सोडून जा आणि पठारावर जायच्या पासाचं आधी बघा. फक्त खोली घेताना वरच्या मजल्याची मागू नका. पावसाळा काढलेल्या गच्चीचा ओलावा ऑक्टोबरपर्यंत छतात असतो, आणि तुमच्या प्रतिक्रियेवरून वाटतं की तुम्ही कुबट वासाची तक्रारही मलाच लिहून पाठवाल. पाठवा.