मामांची एक्सपी

नाशिकच्या भद्रकालीतल्या आमच्या मामांच्या छापखान्यात ज्या संगणकावर लग्नपत्रिकांची जुळणी होते, त्यावर अद्याप विंडोज एक्सपी ही जुनी संगणकप्रणाली नांदते. ती २००१ साली बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने तिच्यावरून हात काढून घेतला, हे मामांना ठाऊक आहे. परंतु त्यांचे मराठी जुळणीचे सॉफ्टवेअर, प्रिंटर पोर्टला लावलेल्या एका डोंगलच्या (म्हणजे परवान्याच्या किल्लीच्या) भरवशावर, केवळ तिच्यावरच चालते. त्यामुळे जुनी हार्डडिस्क कण्हू लागली तेव्हा संगणक तोच ठेवून आत एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर मजकूर साठवणारी डिस्क, बसवावी आणि तिच्यावर एक्सपी नव्याने घालावी असे ठरले. (ठरले म्हणजे मामांनी ठरवले आणि मला कळवले.)

अडीच इंची एसएसडी साडेतीन इंची खणात बसेना, म्हणून मामांनी पत्रिकेला ओवायचा लाल रेशमी नाडा काढून ती आत बांधून टाकली. तिच्यात फिरणारा एकही भाग नसल्याने ती लोंबकळत राहिली तरी तिचे काही बिघडत नाही. विनातक्रार पार पडलेला हा एकमेव टप्पा.

एक्सपीची सीडी घातल्यावर निळ्या पडद्याच्या तळाशी एक ओळ उमटते, की डिस्कसाठी वेगळा ड्रायव्हर (म्हणजे डिस्कशी बोलणारा दुभाषी प्रोग्राम) द्यायचा असल्यास एफ ६ दाबा. ती ओळ वाचून होण्यापूर्वीच नाहीशी होते. आणि कळ वेळेत दाबली तरी ड्रायव्हर फ्लॉपीवरच हवा असतो, पेनड्राइव्हकडे एक्सपी ढुंकूनही पाहत नाही. एमजी रोडवरच्या एका दुकानात मी फ्लॉपी मागितली, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने अत्यंत आदराने मला भांडी बाजारात, जुन्या तांब्या-पितळेच्या दुकानांत चौकशी करण्याचा सल्ला दिला.

फ्लॉपीवाचून पुढे जावे तर ०एक्स००००००७बी हा आकडा मिरवणारा निळा पडदा येतो. त्याचा अर्थ असा, की एक्सपी जागी झाली, पण जिच्यावर बसायचे ती डिस्कच तिला दिसत नाही. कारण डिस्कशी एएचसीआय या नव्या पद्धतीने बोलण्याचा ड्रायव्हर तिच्या सीडीत मुळी नसतोच. यावर उपाय म्हणून बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगांत, जाऊन साटाची (डिस्क जिला जोडतात त्या जोडणीची) पद्धत आयडीई ही जुनी करावी लागते. थोडक्यात, नव्याकोऱ्या एसएसडीने गेल्या शतकातल्या डिस्कचे सोंग आणायचे, तेव्हा कुठे बाईसाहेब तिला ओळख देतात.

एवढ्यावरही भागत नाही. डिस्कचे पार्टिशन म्हणजे आखलेले भाग आणि सेक्टर म्हणजे तिच्यावरचे बारीक रकाने; एक्सपी पहिले पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू करते. सेक्टर ५१२ बाइटचा आणि एसएसडी एका वेळी लिहिते ते पान निदान ४ केबीचे, म्हणजे ८ सेक्टरांचे. ६३ला ८ने भाग जात नसल्याने जे लिहावे त्याची कड शेजारच्या पानावर सांडते. हे प्रकरण मामांना कसे समजवावे या विवंचनेत मी असताना ते म्हणाले, "समास चुकलाय, एवढंच ना?" संगणकशास्त्राची इतकी नेटकी टीका मी अन्यत्र ऐकलेली नाही. मग विंडोज ७च्या डीव्हीडीवरून आधी २०४८व्या सेक्टरपासून पार्टिशन पाडले आणि त्यात एक्सपीची स्थापना केली.

खरा वाद झाला तो शेवटच्या मोकळ्या जागेवरून. पुसलेल्या मजकुराची खबर एसएसडीला देणारी ट्रिम नावाची आज्ञा एक्सपीला माहीत नाही, तेव्हा एसएसडीला स्वतःची झाडलोट करता यावी म्हणून मी थोडी जागा पार्टिशनबाहेर कोरी ठेवली होती. मामांनी विचारले, "पैसे सगळ्या जागेचे मोजलेत ना? मग हा तुकडा कुणाचा?" कागदाचे कातरणसुद्धा जपून ठेवणाऱ्या माणसाला कोरी जागा सोडण्याचे महत्त्व पटवणे मला जमले नाही, मी फक्त ती जागा परत दिली नाही.

अखेर संगणक सुरू झाला, आणि तोही इतक्या झटकन की मामा चश्मा पुसेपर्यंत डेस्कटॉप समोर हजर. पूर्वीची खरखर नाही, खडखड नाही. त्यांनी मला तो बंद करायला लावला, पुन्हा सुरू करायला लावला, पेटीला कान लावून पाहिला आणि गंभीरपणे निर्णय दिला, "अरे, एवढ्या लवकर उठतोय म्हणजे तुझं आत काहीतरी घालायचं राहिलंय." त्यानंतर संध्याकाळपर्यंत ते एकेक फॉन्ट उघडून ते राहिलेले शोधत होते.