बापू, बाळ आणि बाल्टिमोरची खोली

आई सोडून गेली तरी न रडणाऱ्या बाळाचा पाळणाघरातला तो व्हिडिओ एव्हाना सगळ्यांना तीन-तीनदा येऊन गेला होता. त्यामुळे बापूंनी थेट निकालच दिला. "आई गेली तरी पोरगं रडलं नाही. खंबीर पोर! विषय संपला."

बापूंचा विषय रोज साडेसातला असाच संपतो आणि नऊपर्यंत चालतो.

"रडण्यावर निकाल नसतोच, बापू," सुमाताई म्हणाली. "मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईनं बाळ-आईचा बंध तपासायला अमेरिकेत बाल्टिमोरला एक खोली मांडली, त्यात सगळी मेख आई परत येते तेव्हा आहे."

"खोलीबिली कशाला? आमच्या आईला असली थेरं..."

"तुम्ही सहा भावंडं. तुम्ही हरवलात हे पानं मांडेपर्यंत कळलं नसतं."

पक्या चहात ठसकला. सुमाताई असली बाळांची चित्रणं तपासते, त्यामुळे तिनं बिस्किटाचा पुडा ठेवून पायरीवरच खोली उभी केली. दोन खुर्च्या, जमिनीवर खेळणी, एकतर्फी आरसा. बाळ वर्ष-दीड वर्षाचं. प्रसंग आठ. पहिला मिनिटाच्या आत उरकतो, बाकीचे तीन-तीन मिनिटांचे. आई-बाळ खेळतात. मग अनोळखी बाई येते. एक मिनिट गप्प, एक मिनिट आईशी बोलणं, एक मिनिट बाळाशी. तेवढ्यात आई हळूच सटकते. परत येते, बाई जाते. मग आई पुन्हा जाते, आता बाळ एकटं. आधी बाई येते, शेवटी आई.

"आणि तीन मिनिटं पोराला रडवत बसायचं?" पक्यानं विचारलं.

"नाही रे. बाळ फारच कळवळलं तर तो प्रसंग तिथंच आवरता घ्यायचा. बिघडतं ते भलतीकडेच. अनोळखी बाईच जास्त लाडात येते, किंवा आई दारातच 'बघ हं, मी आले!' करून बाळाला उचलते. त्यानं आपणहून काय केलं असतं ते बघायचंच राहतं."

गुण दोन्ही परतभेटींवर, एक ते सातच्या चार मोजपट्ट्यांवर: जवळ येणं, बिलगून राहणं, टाळणं, झिडकारणं. रडलेलं बाळ आईला बिलगून शांत झालं आणि पुन्हा ठोकळ्यांकडे वळलं, तर ते सुरक्षित गटात. आई आली तरी मान फिरवून ठोकळेच रचत बसलं, तर टाळणारं. उचलून घे म्हणतं आणि घेतलं की लाथा मारतं, ते तिसऱ्या, झिडकारणाऱ्या गटात.

"म्हणजे माझा खंबीर पोरगा..." बापू.

"आई आल्यावरही मान फिरवत असेल, तर टाळणारा असू शकतो. अशा बाळांच्या हृदयाचे ठोके ताटातुटीत वाढलेले सापडलेत. चेहरा गप्प, आत धडधड."

बापूंनी मग हुकमी पान टाकलं. हे सगळं गोऱ्यांचं, म्हणे. गंमत म्हणजे एन्सवर्थनं सुरुवात 1954 साली युगांडात, कंपालाजवळच्या गावांत केली होती, खोली नंतरची. पण सुमाताईनं आक्षेप अर्धा मान्य केला. जपानमधल्या साप्पोरोच्या बाळांना एकटं राहायची सवयच नव्हती, तिथं एकटेपणाचा प्रसंगच डोईजड झाला आणि तिसरा गट फुगला. जर्मनीत बीलेफेल्डला जवळजवळ निम्मी बाळं टाळणारी निघाली.

"जर्मन आया कडकच!"

"थांबा. 1988 साली आठ देशांतले बाळांचे 32 समूह एकत्र तपासले. देशादेशांतल्या फरकापेक्षा एकेका देशातल्या आतला फरक दीडपट निघाला. आता करा जर्मनांची टिंगल."

बापू गप्प बसले. असे क्षण या कट्ट्यावर वर्षातून दोनदा येतात.

"मग पाळणाघर वाईट की चांगलं, एवढं सांग," पक्या म्हणाला. त्याच्या घरी हाच वाद चाललाय, हे सगळ्यांना ठाऊक.

"नुसतं पाळणाघरात ठेवल्यानं बंध कच्चा होतो असं अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात 1997 ला दिसलं नाही. घरीही बाळाची दखल कमी आणि तिथली देखभालही सुमार, अशी जोडगोळी झाली की धोका. आणि दर वेळी आईलाच धरू नका. तिनं खुणा ओळखून साद देणं आणि बाळाचा बंध, यांचं नातं 0.24 भरलं; शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे पक्कं. आहे, पण बेताचं."

"मग खोलीचा उपयोग काय?"

"एन्सवर्थनं आधी 26 घरांत वर्षभर दर तीन आठवड्यांनी जाऊन चार-चार तास बसून टिपणं काढली. एका घरामागे साधारण 72 तास. खोलीची वीस मिनिटं त्या टिपणांशी ताडून पाहिली. व्हिडिओवाल्यांनी वीस मिनिटं उचलली आणि बहात्तर तास टाकून दिले."

तेवढ्यात चहावाल्यानं हिशेब आणला. बापूंनी मान फिरवून समोरच्या रिक्षाचा नंबर वाचायला घेतला.

"टाळणं," सुमाताई म्हणाली, "सातपैकी सात."

"आणि 2019 च्या गणपतीच्या वर्गणीचं काय?" पक्यानं विचारलं. "तेव्हा तर खोलीतच आले नव्हते!"

बापू म्हणाले, सुट्टे नाहीत. पाचशेची नोट मोडून मिळेल, चहावाला म्हणाला. झालं, त्यापुढं कोणाचंच काही ऐकू येईना.